लाकडी विमान-नमुन्याचे धड : बळकटी कशात असते?



एखाद्या हौशी मुलाने हलक्या लाकडाच्या काड्या जोडून, वर पातळ कागद डकवून एक लहानसे विमान तयार केले आहे, असे समजा. पहिल्या दिवशी ते शाळेच्या मैदानावर झकास उडते. दुसऱ्या दिवशी ते शेताच्या बांधावर आपटते आणि पंखाच्या किंचित मागे त्याचे धड मोडते. मुलगा ते घरी आणतो, मोडलेल्या जागी एक जाड काडी चिकटवतो, वर भरपूर सरस ओततो आणि म्हणतो, "आता बघू कसं मोडतं ते!" पुढच्या खेपेस विमान पुन्हा आपटते. आणि गंमत अशी की, जिथे डागडुजी केली तिथे ते मुळीच मोडत नाही. ती जाड काडी जिथे संपते, तिथून बोटभर अंतरावर मोडते. मग तिथे आणखी एक काडी. असे करता करता विमान इतके जड होते की त्याचे मोडणे थांबत नाही, उडणे मात्र थांबते.

यात त्या मुलाचा काही दोष नाही. बळकट करणे म्हणजे जाड करणे, ही समजूत मोठ्या माणसांतही असते. पण ती खरी नव्हे. बळकटी ही लाकडाच्या वजनात नसते. जोर कोणत्या वाटेने येतो आणि कोणत्या वाटेने जातो, हे ओळखून त्या वाटेवर लाकूड ठेवण्यात ती असते. एवढी एकच गोष्ट आज मला सांगायची आहे. ती सांगायला विमानाच्या नमुन्यासारखे दुसरे साधन नाही, कारण इथे एका ग्रॅमचीही उधळपट्टी खपत नाही.

प्रथम धडाचा सांगाडा डोळ्यांपुढे आणू या. एक लांबट, चौकोनी पिंजरा कल्पा. त्याच्या चार कोपऱ्यांतून नाकापासून शेपटापर्यंत चार लांब काड्या जातात. त्यांना आपण लांबकाड्या म्हणू. त्यांना थोड्या थोड्या अंतरावर एकमेकींशी जोडणाऱ्या त्या आडकाड्या. आणि दोन आडकाड्यांमधल्या चौकोनाच्या कर्णावर बसवतात त्या तिरक्या काड्या. काही नमुन्यांत आडकाड्यांच्या जागी पातळ फळीचे पडदे बसवतात. पुढे नाकाशी प्रोपेलर, मध्ये पंख, मागे शेपूट. या सर्वांना एकत्र धरून ठेवणे हे धडाचे काम.

यासाठी जगभर वापरतात ते लाकूड म्हणजे बाल्सा. हे झाड दक्षिण अमेरिकेतले, विशेषतः इक्वेडोर देशातले. आपल्या रानात फाल्गुनात लाल फुलांनी डवरणारी काटेसावर त्याच्याच कुळातली. सागाच्या एक घनमीटर लाकडाचे वजन साधारण ६५० किलो भरते. बाल्साचे अवघे १०० ते २०० किलो. 'बाल्सा' या स्पॅनिश शब्दाचा अर्थच मुळी तराफा. १९४७ साली थॉर हेयरडाल आणि त्याचे पाच सोबती याच लाकडाच्या ओंडक्यांच्या तराफ्यावरून १०१ दिवस पॅसिफिक महासागरातून गेले होते. असे हे हलके लाकूड. पण कोणत्याही लाकडाप्रमाणे त्याचे बळ धाग्याच्या दिशेने असते. धाग्याच्या आडवे ते नखानेही फाटते. हे ध्यानात ठेवावे, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

आता या धडावर जोर तरी कोणकोणते येतात? विमान जमिनीवर टेकले की नाक अडते आणि शेपटाचे वजन पुढे रेटत राहते, त्यामुळे धड वाकू पाहते. शेपटावरील हवेच्या दाबानेही ते वाकते आणि पिळवटतेही. तिसरा जोर रबराचा. १८ ऑगस्ट १८७१ रोजी पॅरिसच्या त्युलेरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणाने पीळ दिलेल्या रबरावर चालणारे लहानसे विमान उडवून दाखवले. ते ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर गेले. त्याच्या विमानात पिंजरा नव्हता, एकच दांडी होती आणि तिच्याखाली रबर ताणून बांधले होते. आज हौशी मंडळी ते रबर पिंजऱ्याच्या आत ठेवतात. एक टोक नाकाला, दुसरे टोक मागच्या खुंटीला. धनुष्याची दोरी जशी त्याच्या दोन टोकांना जवळ ओढते, तसे हे पिळलेले रबर नाक आणि शेपूट यांना जवळ ओढते. म्हणजे चारही लांबकाड्या टोकांकडून दाबल्या जातात, आणि वर पिळवटल्याही जातात. वाकणे, दबणे आणि पिळवटणे, असे हे तीन जोर झाले.

कुणी म्हणेल, "मग घाला की चांगल्या जाड काड्या! प्रश्न मिटला." तो का मिटत नाही ते पाहू. पंख तेवढेच ठेवून विमान जड केले, तर त्याला हवेत राहण्यासाठी अधिक वेगाने उडावे लागते. इथला हिशेब असा की, वेगाचा वर्ग वजनाच्या प्रमाणात वाढतो. आणि आपटतानाची ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग या प्रमाणात असते. म्हणजे वजन दुप्पट केले, तर जमिनीवर आदळण्याची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते! १०० ग्रॅमचे विमान डागडुजीने १२० ग्रॅमचे झाले, तर ते जवळजवळ दीडपट ऊर्जेने आदळेल. आपण बळ वाढवायला गेलो आणि माराची ताकदही आपणच वाढवून ठेवली.

त्यातून वजन कुठे वाढवले हेही महत्त्वाचे. विमान हा एक तराजू आहे. पंखाजवळच्या एका बिंदूवर ते तोललेले असते. समजा, त्या बिंदूपासून नाक १५ सेंटिमीटर पुढे आहे आणि शेपूट ४५ सेंटिमीटर मागे. शेपटाशी १ ग्रॅम सरस जास्त लागला, तर तोल सावरण्यासाठी नाकात ३ ग्रॅम शिसे घालावे लागेल. एका ग्रॅमचे चार झाले. म्हणून धड पुढे भक्कम आणि मागे निमुळते, हलके असावे, हा पहिला नियम.

आता लाकूड ठेवायचे कुठे? एक फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच कडेवर उभी धरून वाकवून पाहा, वाकत नाही. लाकूड तेच, वजन तेच. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी लाकूड मध्यापासून दूर आहे. कोणतीही वस्तू वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दबते आणि मधला भाग जवळजवळ स्वस्थ बसलेला असतो. जे काम करीत नाही, त्याला पोसायचे कशाला? ज्वारीचे ताट पाहा. वरची साल टणक, आत मऊ भेंड. बळ सारे बाहेर ठेवले आहे, आणि आतल्या हलक्या भेंडाने सालीला आत दबू न देण्याचे काम तेवढे केले आहे. डोक्यावर कणसाचे ओझे घेऊन वाऱ्यात झुलणारे ते ताट मोडत नाही, याचे रहस्य हे. आपल्या पिंजऱ्यात चार लांबकाड्या चार कोपऱ्यांत ठेवतात त्या याचसाठी. म्हणून मध्ये काडी भरण्यापेक्षा कोपऱ्यातली काडी चांगल्या, सरळ धाग्याची निवडावी. चारही काड्या एकाच फळीतून कापाव्यात, म्हणजे त्या सारख्या वाकतात आणि धड वाकडे होत नाही.

आता दाबाकडे वळू. खराट्याची एक वीतभर काडी दोन बोटांत उभी धरून दाबा. लगेच तिची कमान होते. ती निम्मी मोडून तेवढीच दाबा, आता ती ताठ राहते. लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने १७४४ साली याचा नियम मांडला. आधार नसलेली लांबी निम्मी केली, तर काडी कमान होण्याआधी चौपट दाब सोसते. याचा अर्थ आपल्या पिंजऱ्यात असा होतो : जिथे लांबकाड्या दाबाने पोटात किंवा बाहेर झुकतात, तिथे त्या जाड करू नका. दोन आडकाड्यांच्या मध्ये आणखी एक आडकाडी घाला. ६ सेंटिमीटरचे अंतर ३ सेंटिमीटर झाले की काम झाले. सगळ्या लांबकाड्या ३ मिलिमीटरऐवजी ४ मिलिमीटरच्या घेतल्या, तर त्यांचा ताठपणा तिपटीहून थोडा अधिक वाढतो, पण वजन पावणेदोन पटींवर जाते. त्यापेक्षा दोनचार आडकाड्या स्वस्त, नाही का?

पण आडकाड्या कितीही घातल्या, तरी एक उणीव राहतेच. ती पाहायला घरातली काड्यापेटी आणा. आतला कप्पा काढून बाहेरचे खोके हातात घ्या आणि त्याचे समोरासमोरचे दोन कोपरे दाबा. चौकोन कलंडतो, चपटा होतो. चौकोनाच्या बाजू न मोडताही त्याचा आकार बदलतो, हा त्याचा स्वभाव आहे. आता आतला कप्पा परत घाला आणि दाबा. आता खोके हलत नाही. कप्प्याने पडद्याचे काम केले. विमानात पातळ फळीचा पडदा हेच करतो. तो जोर सोसण्यापेक्षा आकार राखतो. म्हणून पडद्याच्या मधले लाकूड कोरून काढले तरी चालते, कडेची चौकट मात्र शाबूत ठेवावी.

दुसरा उपाय तुमच्या घराच्या छपरातच आहे. छपराला कैची असते ती त्रिकोणाची. शेताच्या फाटकाला मागून एक तिरकी पट्टी ठोकलेली असते, नाही तर फाटक चार महिन्यांत लोंबू लागते. त्रिकोणाची एखादी बाजू मोडल्याशिवाय किंवा लांबआखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलत नाही. पूल बांधणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. ऑक्टेव्ह शॅन्यूट हा अमेरिकेतला पूल आणि रेल्वे बांधणारा इंजिनियर. त्याने १८९६ साली आपल्या ग्लायडरचे दोन मजली पंख पुलाच्या कैचीच्या धर्तीवर खांब आणि तिरक्या तारांनी बांधले. त्याच धर्तीची बांधणी राइट बंधूंनी उचलली, आणि १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडाले. या दोघा भावांना विमानाची गोडी लागली ती १८७८ साली वडिलांनी आणून दिलेल्या एका रबरावर फिरणाऱ्या खेळण्यामुळे. ते खेळणेही मघाशी सांगितलेल्या पेनोच्याच कल्पनेवर बेतलेले होते. शिक्षकबंधूंनी हे लक्षात ठेवावे. खेळणे आणि खरे विमान यांच्यामध्ये पुलाचा एक इंजिनियर उभा आहे.

तेव्हा आपल्या पिंजऱ्याच्या चौकोनांत तिरक्या काड्या घालाव्यात. त्या एका आड एक उलट दिशेने घालाव्यात, म्हणजे नागमोडी रांग दिसते. फक्त दोन बाजूंना घालून भागत नाही, बरं का! धड पिळवटते तेव्हा चारही बाजूंचे चौकोन कलंडू पाहतात. वरची बाजू उघडी राहिली, तर पीळ तिथूनच शिरतो. शेपटाकडे वजन नको असेल, तर काडीऐवजी दोन्ही कर्णांवर पक्का दोरा ताणून बांधावा. दोरा दाब सोसत नाही, ताण मात्र उत्तम सोसतो. एका बाजूने पीळ आला की एक दोरा ताणला जातो, उलट आला की दुसरा.

आणि कागद? तो काही निव्वळ शोभेचा नसतो. पातळ टिश्यूचा किंवा पतंगाचा कागद पिंजऱ्यावर चिकटवून, त्यावर पाण्याचा हलका फवारा मारला की वाळताना तो ढोलासारखा ताणतो. वर डोप नावाचे पातळ लुकण दिले की तो घट्ट होतो. असा ताणलेला कागद म्हणजे प्रत्येक चौकोनात हजारो तिरके दोरे बांधल्यासारखेच आहे. पीळ सोसण्याचे मोठे काम तोच करतो. मात्र समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकाच वेळी ओल्या कराव्यात. एकच बाजू आधी वाळली, तर धड केळ्यासारखे वाकते आणि मग ते सरळ होत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. धड नेमके पंखाच्या मागे का मोडते? पंख बसवण्यासाठी धडाचा माथा तिथे कापलेला असतो. बंद खोक्याचे झाकण काढल्यासारखे होते. काड्यापेटीचा उघडा कप्पा दोन हातांनी पिळून पाहा, तो मुकाट्याने पिळवटतो. त्यावर पुठ्ठ्याचे झाकण चिकटवा, मग पिळेना. भिंतीत दार पाडले की आपण वर तुळई घालतो आणि ती दाराच्या दोन्ही बाजूंना भिंतीत वीतभर शिरवतो. तुळई दाराएवढीच कापून चालेल का? नाही. इथेही तसेच. पंखाच्या पुढच्या आणि मागच्या काठाखाली एकेक पडदा हवा. आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींना आतून पातळ फळीची जोडपट्टी हवी. ही पट्टी नाकाच्या पडद्यापासून निघून पंखाच्या मागच्या काठापलीकडे निदान एक-दोन खण जावी.

पण खरी मेख पुढेच आहे. ही पट्टी जिथे संपते, तिथे तिचे टोक सरळ कापू नका. धड वाकते तेव्हा जाड भाग वाकत नाही, पातळ भाग वाकतो, आणि त्या दोहोंच्या सीमेवर सारे वाकणे एका रेषेत गोळा होते. ती रेष म्हणजे मोडण्याची जागा. आपल्या मुलाची जाड काडी जिथे संपली तिथेच विमान मोडले, ते यामुळे. पट्टीचे टोक लांब निमुळते तासा किंवा माशाच्या शेपटीसारखे दुफाटे कापा. मग जोर ताठ भागातून लवचीक भागात हळूहळू उतरतो. माळ्यावरून उडी मारणे आणि जिन्याने उतरणे, यांत जो फरक, तोच हा.

नाकाची बांधणी वेगळी. पूर्वी इंजिने असत, आज बहुतेक मुले विजेची मोटर आणि बॅटरी वापरतात. पण मोटर ओढते आणि हादरतेही. तिच्यासाठी बाल्सा पुरत नाही. तिथे ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडचा पडदा घालावा. तो नुसता कडेवर चिकटवू नये. त्याच्या मागच्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या बसवाव्यात, म्हणजे सरसाला पुरेशी जागा मिळते आणि ओढ दोन्ही भिंतींत वाटली जाते. चाकांच्या तारेखालची प्लायवूडची फळीसुद्धा नुसती तळाला न चिकटवता दोन्ही भिंतींना भिडवावी. या जागी हयगय नको. मोटर हवेत सुटली, तर विमान जाते ते जातेच, पण खाली उभ्या असलेल्या मुलांना इजा होण्याची भीती असते. पंख मात्र रबरबँडनेच बांधावा. झाडाला अडकला तर तो निखळून बाजूला होतो आणि धड वाचते. प्रत्येक गोष्ट घट्ट करणे म्हणजे बळकटी नव्हे. कुठे सुटावे, हेही ठरवून ठेवावे लागते.

आता सांध्यांविषयी. लाकडाचे धागे म्हणजे नळ्याच आहेत. काडीच्या कापलेल्या तोंडाशी सरस लावला की तो आत शोषला जातो आणि सांधा कोरडा राहतो. म्हणून तिथे सरस दोनदा लावावा. पहिला हात शोषू द्यावा, मग दुसरा हात देऊन सांधा जुळवावा. नेहमीचा फेव्हिकॉल बाल्साला चांगला चालतो, मात्र रात्रभर दाबून ठेवण्याचा धीर हवा. महत्त्वाच्या कोपऱ्यात पातळ फळीचा एक लहान त्रिकोण चिकटवावा आणि त्याचे धागे त्रिकोणाच्या लांब बाजूला समांतर ठेवावेत. पडदा बाल्साचा असेल, तर दोन पातळ फळ्या एकीचे धागे उभे आणि दुसरीचे आडवे असे ठेवून चिकटवाव्यात. हे घरचे प्लायवूडच झाले. सरस फट बुजवण्यासाठी नसतो. दोन तोंडे नीट जुळली, तर थोडा सरस पुरतो. न जुळली, तर बाटली ओतूनही उपयोग नाही.

हे मुलांपुरते आहे असे समजू नका. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने 'मॉस्किटो' नावाचे लाकडी लढाऊ विमान बनवले. ते २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. त्याचे धड भुईमुगाच्या शेंगेच्या दोन टरफलांप्रमाणे दोन उभ्या भागांत बनवून मागाहून जोडत. आणि त्या टरफलाची बांधणी कशी? बाहेर आणि आत बर्च झाडाचे पातळ प्लायवूड, मध्ये बाल्सा. आपल्या ज्वारीच्या ताटाचीच युक्ती! सुरुवातीला या विमानात दुधातल्या केसीनपासून केलेला सरस वापरत, पुढे कृत्रिम राळेचा सरस आला. १९४४ साली भारतात असलेल्या यांपैकी काही विमानांची बांधणी हवेत निकामी झाली. तेव्हा चौकशीत बोट ठेवले गेले ते पंखांतल्या चिकटवलेल्या सांध्यांवर. आपल्या पावसाळ्याची दमट हवा सांध्यांची परीक्षा घेते, हे आपल्या मुलांनीही ध्यानात ठेवावे आणि नमुना भिंतीला टेकवून ओलीत ठेवू नये.

विमान मोडलेच, तर सरसाची बाटली उचलण्यापूर्वी ते मोडणे वाचायला शिकावे. तुटलेल्या टोकाला लांब, तिरक्या कुसळ्या निघाल्या असतील, तर ती काडी ताणाने तुटली. एका बाजूला लाकूड चुरगळून सुरकुती पडली असेल, तर दाबाने मोडली. तिथे जवळ एक आडकाडी हवी. सांधा उघडला असेल, तर सरसाकडे निरखून पाहा. सरसाला लाकडाचे तंतू चिकटून आले असतील, तर सांधा चांगला होता, लाकूड कमी पडले. सरस गुळगुळीत, चकचकीत दिसत असेल, तर सांधाच कच्चा होता. तिथे जाड काडी घालून काय उपयोग? समोरची लांबकाडीही बोटाने चाचपावी, तिला न दिसणारी चीर गेलेली असते.

दुरुस्तीला आंब्याच्या कलमाची रीत वापरावी. माळी कलम बांधताना काप तिरका आणि लांब घेतो, कारण दोन सालींची भेट जितकी लांब, तितका जीव पक्का. तशीच मोडलेली काडी दोन्हीकडून तिरकी कापावी. काप काडीच्या जाडीच्या दहापट लांब असावा. ३ मिलिमीटरच्या काडीला ३ सेंटिमीटर. त्यात त्याच जाडीचा, त्याच प्रतीचा तुकडा तासून बसवावा. सांधा चांगला जमला, तर बाजूला काडी जोडायची गरज पडत नाही आणि वजन होते तेवढेच राहते. दोन लांबकाड्यांचे जोड मात्र समोरासमोर येऊ देऊ नयेत, पुढेमागे ठेवावेत.

आता खेड्यातल्या शिक्षकांसाठी थोडे. बाल्सा महाग पडतो आणि सर्वत्र मिळत नाही, हे खरे. पण त्यावाचून हा पाठ अडत नाही. बांबूच्या सारख्या जाडीच्या कामट्या घ्या आणि त्यांचे ३० सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंदीउंचीचे तीन पिंजरे मुलांकडून करवून घ्या. पहिल्यात फक्त आडकाड्या, दुसऱ्यात तिरक्या काड्याही, आणि तिसऱ्यात तिरक्या काड्यांऐवजी बाहेरून पतंगाचा कागद. प्रत्येक पिंजरा आधी तोलून त्याचे वजन फळ्यावर लिहा. मग दोन विटांवर तो आडवा ठेवा, मध्यावर दोरीने एक डबा टांगा आणि डब्यात हळूहळू वाळू ओता. पिंजरा मोडला की वाळू तोला. वाळूच्या वजनाला पिंजऱ्याच्या वजनाने भागा. येणारा आकडा हीच त्या बांधणीची खरी किंमत.

मग असेच आणखी पिंजरे करून पिळाची परीक्षा घ्या. एक टोक विटांत दाबून धरा, दुसऱ्या टोकाला आडवी काठी बांधा, काठीच्या टोकाला वजन टांगा आणि ती किती कलते ते पाहा. कागदी पिंजरा इथे काय करतो, ते मुलांना आधी सांगू नका. त्यांना अंदाज बांधू द्या, मग प्रयोग करा.

एक सूचना. प्रत्येक पिंजरा मोडल्यावर तो टाकून न देता, तुटलेली जागा हातात घेऊन एकेका मुलाला विचारा : इथेच का मोडले? जोर कुठून आला होता? तो कुठे जायला निघाला होता, आणि त्याची वाट कुठे तुटली? ज्या मुलाला या तीन प्रश्नांची उत्तरे देता आली, त्याला पुढे पूल बांधायचा असो, घराचे छप्पर घालायचे असो, की बैलगाडीचा साटा दुरुस्त करायचा असो, लाकूड कुठे घालावे आणि कुठे घालू नये, हे त्याला आपोआप समजेल. त्याचे विमान पुन्हा मोडणार नाही असे नाही. ते मोडेल. पण त्याच जागी, त्याच कारणाने दोनदा मोडणार नाही.